शाळेचा भाजीमळा आणि हिशेबाची वही

गगनबावड्याहून करूळ घाट उतरून वैभववाडीमार्गे येणारा कोल्हापूरचा रस्ता ज्या ठिकाणी मुंबई-गोवा महामार्गास मिळतो, ते सिंधुदुर्ग जिल्ह्यातील गाव म्हणजे कणकवली तालुक्यातील तळेरे होय. येथूनच एक फाटा विजयदुर्गाकडे जातो. देशावरून कोकणात उतरणाऱ्या मालाचा हा एक जुना दरवाजा आहे, आणि त्या मालात भाजीपाल्याचा वाटा मोठा असतो. कोबी, टोमॅटो, वांगी, मिरची, इतकेच नव्हे तर कोथिंबिरीची जुडीसुद्धा घाट उतरून येते. घाटात दरड कोसळली की बाजारात भाजीचा भाव चढतो, हे सांगावयास कोणा तज्ज्ञाची गरज नाही. ज्या भूमीवर वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेथील माणसाने रोजची भाजी घाटमाथ्यावरून आणावी, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

या विचाराची सुरुवात शाळेतून करता येईल काय, हा या लेखाचा विषय आहे. शाळेच्या आवारात चार वाफे करणे नवे नाही. केंद्र सरकारने २०१९ साली शालेय पोषण बागांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि तेव्हापासून अनेक शाळांत परसबागा झाल्या आहेत. परंतु परसबाग ही एक गोष्ट आणि विद्यार्थ्यांनी चालविलेला भाजीचा व्यवसाय ही दुसरी. बागेत रोप उगवले की काम झाले असे वाटते. व्यवसायात मात्र रोप उगवल्यावर खरे काम सुरू होते. भाजी कोणास विकावयाची, काय भावाने, तिच्यावर काय घातले आणि शेवटी हाती काय उरले, या प्रश्नांची उत्तरे विद्यार्थ्यास द्यावी लागतात.

या मार्गावरील पूर्वसूरी

महाराष्ट्रास ही कल्पना परकी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली व पुढे सातारा येथे तिचा विस्तार केला. तेथील वसतिगृहांतून सर्व जातींची मुले एकत्र राहत आणि आपल्या श्रमाने आपल्या शिक्षणाचा भार हलका करीत. ‘कमवा आणि शिका’ हा शब्दप्रयोग त्या परंपरेने घरोघर नेला.

१९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तव्यवसायाच्या द्वारे शिक्षण देण्याची योजना मांडली. त्याच वेळी तिच्यावर एक आक्षेपही घेण्यात आला. मुलांच्या मालाच्या विक्रीतून शाळेचा खर्च काढावयाचा म्हटले, तर शाळेचा कारखाना होईल, असा तो आक्षेप होता. ती योजना तपशीलवार तयार करणाऱ्या डॉ. झाकिर हुसेन समितीनेही आर्थिक बाजूवर अवास्तव भर देण्याचा धोका आपल्या अहवालात दाखवून दिला. हा इशारा आजही ध्यानात ठेवावयास हवा. शाळेच्या मळ्यातील श्रम हे मुलांच्या शिकण्यासाठी असावेत. शाळेची तिजोरी भरण्यासाठी मुलांना राबविणे सर्वथा गैर आहे.

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तेथे तयार झालेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात माध्यमिक शाळेतील मुले आठवड्यातील एक दिवस हाताने काम करतात. शेती व पशुपालन, यंत्रकाम, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य असे त्याचे विभाग आहेत. पुढे राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने त्यास अभ्यासाचा विषय म्हणून मान्यता दिली. या पद्धतीचे मर्म असे की, विद्यार्थ्यांनी केलेले काम गावास मोल घेऊन दिले जाते. गिऱ्हाईक पैसे मोजणार असल्यामुळे काम ‘मुलांनी केले आहे, चालेल’ असे म्हणून खपत नाही. ते चांगलेच व्हावे लागते.

आणि तळेऱ्याच्या दक्षिणेस, त्याच महामार्गावर कणकवलीजवळ, अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९४८ साली गोपुरी आश्रम स्थापन केला. कोकणचे गांधी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या थोर पुरुषाने आपले आयुष्य सफाई आणि खत या दोन कामांना वाहिले. गावातील घाण ही घाण नसून मातीचे अन्न आहे, हे त्यांनी स्वतः करून दाखविले. सेंद्रिय शेतीचा पहिला धडा कणकवली तालुक्यास बाहेरून आणावयाचा नाही.

जागा, पाणी आणि वेळापत्रक

तळेरे परिसरातील माध्यमिक शाळेने असा मळा करावयाचा झाल्यास आरंभ दोन गुंठ्यांपेक्षा अधिक जागेवर करू नये. दोन गुंठे म्हणजे सुमारे २०० चौरस मीटर. वाटा सोडून त्यात प्रत्यक्ष वाफ्यांची जागा सुमारे १२० चौरस मीटर निघते. वाफा तीन मीटर लांब व एक मीटर रुंद ठेवावा, म्हणजे मुलांना आत पाय न ठेवता दोन्ही बाजूंनी काम करता येते. पावसाळ्यात वाफे जमिनीपासून वीतभर उंच करावेत. सपाट वाफ्यात पाणी तुंबून मुळे कुजतात.

पाण्याचा हिशेब आधी मांडावा, बी नंतर आणावे. हिवाळ्यात भाजीच्या एक चौरस मीटर वाफ्यास दिवसाला साधारण पाच लिटर पाणी लागते. म्हणजे १२० चौरस मीटरांस रोज ६०० लिटर, अर्थात दहा लिटरच्या साठ बादल्या. तीस मुलांच्या तुकडीस प्रत्येकी दोन बादल्या झाल्या. हे गणित वर्गात सोडवून घ्यावे. इतके पाणी जानेवारीनंतर मिळणार नसेल तर वाफे निम्मे करावेत. माध्यान्ह भोजनानंतर हात व भांडी धुतलेले पाणी वाया न घालविता अळू व केळीस द्यावे. वाफ्यांवर वाळल्या गवताचे किंवा पातेऱ्याचे आच्छादन घातल्यास पाण्याची मोठी बचत होते. गावच्या व्हाळावर पावसाच्या अखेरीस बंधारा घातला जात असेल, तर मुलांनी त्या श्रमदानात अवश्य भाग घ्यावा. आपल्या विहिरीचे पाणी कोठून येते हे त्यांस तेथे दिसेल.

शाळेच्या मळ्यास एक अडचण अशी असते की, शेतकऱ्यास मे महिन्याची सुट्टी नसते, शाळेस ती असते. पुष्कळ शाळांच्या बागा त्या एका महिन्यात वाळून जातात. म्हणून पिकांचे वेळापत्रक शाळेच्या वेळापत्रकाशी जुळवून घ्यावे. शाळा उघडताच जूनमध्ये मांडवावरील वेल लावावेत : काकडी, पडवळ, दोडके, कारली, सोबत भेंडी व अळू. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुळा, माठ, वाल, चवळी, वांगी व मिरची घ्यावीत. माठ महिन्याभरात व मुळा दीड महिन्यात निघतो. फेब्रुवारीनंतर केवळ माठासारखी झटपट येणारी भाजी घ्यावी. एप्रिलमध्ये बियाणे धरून, वाळवून, राखेत घालून ठेवावे व मळा आच्छादनाखाली विश्रांतीस सोडावा.

दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने या हवामानास मानवणारे वाण दिले आहेत. कारल्याचा ‘कोकण तारा’, चवळीचा ‘कोकण सदाबहार’, वालाचा ‘कोकण भूषण’ व माठाचा ‘कोकण दुरंगी’ हे त्यांपैकी होत. यांच्या जोडीस गावातील एखाद्या आजीने जपलेले काकडीचे किंवा पडवळाचे बी मागून आणावे. ते कोणाकडून आले, किती वर्षांपासून त्या घरात आहे, हे वहीत लिहून ठेवावे.

मोकाट गुरे व माकडे यांचा उपद्रव गृहीत धरूनच काम सुरू करावे. चिऱ्यांचा गडगा असल्यास उत्तम. नसल्यास बांबूचे कुंपण करून कडेने गिरीपुष्पाच्या काठ्या लावाव्यात. त्या रुजून जिवंत कुंपण होते आणि त्यांचा पाला नत्रयुक्त खत म्हणून मिळतो.

खत

जांभ्याची तांबडी माती मोठ्या पावसात धुपते व तिच्यातील अन्नद्रव्ये वाहून जातात. ती आम्लधर्मीही असते. अशा मातीत सेंद्रिय पदार्थ घातल्याशिवाय भाजी चांगली येणार नाही. कोकणात आंबा-काजूच्या बागांतून पातेऱ्याचे ढीग पडलेले असतात. भाताच्या रोपांसाठी राब भाजताना त्यातील बराचसा जाळला जातो. शाळेने हा पातेरा न जाळता कुजवावा.

कंपोस्टची शास्त्रशुद्ध पद्धत सर आल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे बसविली आणि ती इंदूर पद्धत या नावाने जगभर गेली. पुसद येथील नारायण देवराव पांढरीपांडे, अर्थात नाडेपकाका, यांनी शेण थोडे असलेल्या शेतकऱ्यासाठी विटांच्या जाळीदार टाकीची पद्धत काढली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच अशा टाकीत सुमारे १४०० ते १५०० किलो काडीकचरा कुजविण्यास केवळ ९० ते १०० किलो शेण पुरते. बाकी गाळलेली माती व पाणी. तीन ते चार महिन्यांत खत तयार होते. शाळेस याच्या निम्म्या आकाराची टाकी पुरेल, आणि विटांऐवजी फुटके चिरे फटी ठेवून रचले तरी काम भागते.

येथे आरोग्याची एक सूचना आवश्यक आहे. ताजे शेण किंवा न कुजलेले खत पालेभाजीस लागू देऊ नये. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत, ज्या पिकाचा खाण्याचा भाग मातीस लागतो त्याच्या काढणीपूर्वी १२० दिवसांच्या आत कच्चे शेणखत घालण्यास मनाई आहे. आपण चांगले कुजलेले खतच वापरावे, जीवामृत मातीस द्यावे, पानांवर शिंपडू नये, आणि भाजी स्वच्छ पाण्याने धुऊन विकावी. काम संपल्यावर मुलांनी साबणाने हात धुणे हा मळ्याचा नियम असावा.

‘सेंद्रिय’ या शब्दाची जबाबदारी

आता मुख्य कसोटीकडे वळू. वालाच्या शेंगा भरल्या आहेत, शनिवारी विक्री ठरली आहे, आणि बुधवारी शेंड्यांवर काळा मावा दिसतो. एखादा पालक सद्‌भावनेने म्हणतो, ‘‘माझ्याकडे पंप आहे, औषध आहे. सकाळी एक हात मारून देतो, कोणास कळावयाचे नाही.’’ या क्षणी मुलांनी काय करावे, यावर त्या मळ्याचे सारे शिक्षण अवलंबून आहे.

उपाय आहेत. मावा लागलेले शेंडे खुडून दूर नेऊन पुरावेत. पाण्याचा जोरदार फवारा मारावा. सौम्य साबणाच्या पाण्याने पाने धुवावीत. निंबोळीचा पाच टक्के अर्क आधीपासून ठरावीक अंतराने वापरावा; पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, गाळून शंभर लिटर पाण्यात मिसळली की तो होतो. वाफ्यांच्या कडेस झेंडू लावावा. मावा खाणारे ढालकिडे ओळखून त्यांस राखावे. इतके करूनही वालाचे दोन वाफे गेले, तर ते गेले असे वहीत लिहावे. गेलेल्या पिकाची नोंद ही लाजिरवाणी गोष्ट नाही. फवारून ‘सेंद्रिय’ म्हणून विकणे मात्र लाजिरवाणे आहे.

सिंधुदुर्गात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. हापूसच्या बागांत मोहोराच्या दिवसांत अनेक वेळा फवारणी होते. शेजारी अशी बाग असल्यास वाऱ्याबरोबर औषध भाजीवर येऊ शकते. म्हणून मधे उंच कुंपण ठेवावे, बागमालकास फवारणीचा दिवस आधी सांगण्याची विनंती करावी, व त्या बाजूची पालेभाजी त्या काळात घेऊ नये.

कायद्याचेही ज्ञान असावे. सेंद्रिय अन्नाविषयी २०१७ साली केंद्राने जे विनियम केले, त्यांत छोट्या उत्पादकाने आपला माल थेट ग्राहकास विकल्यास त्यावर प्रमाणपत्राची सक्ती ठेवलेली नाही. परंतु त्यास ‘जैविक भारत’ हे चिन्ह वापरता येत नाही. प्रमाणीकरणात हंगामी पिकांसाठी साधारणपणे दोन वर्षांचा रूपांतरकाळ धरतात. तेव्हा पहिल्या वर्षी मुलांनी पाटीवर ‘सेंद्रिय’ असा मोठा शब्द लिहिण्यापेक्षा ‘रासायनिक खत व औषध न वापरता शाळेत पिकविलेली भाजी’ असे साधे, खरे वाक्य लिहावे. गावातील शेतकरी पुढे या मार्गावर आले, तर शेतकऱ्यांच्या गटाने परस्परांच्या शेतांची पाहणी करून सहभागातून प्रमाणीकरण करण्याची पीजीएस-इंडिया ही योजना उपलब्ध आहे.

विक्री

विक्रीची सुरुवात दूरच्या बाजारातून करू नये. पहिला हक्क शाळेच्या माध्यान्ह भोजनाचा. त्यानंतर शिक्षक, पालक व शेजारची घरे. आधी नावे व मागणी लिहून घ्यावी आणि मग काढणी करावी, म्हणजे भाजी उरून वाळत नाही. भाव ठरविताना दोन मुलांनी त्या सकाळी बाजारात जाऊन चालू दर पाहून यावेत. पहिल्या वर्षी त्याच दराने विकावे. गिऱ्हाइकाचा विश्वास बसल्यावर तो आपण होऊन चार पैसे अधिक देईल.

कोकणात भाजीस खरी मागणी येते ती गणेश चतुर्थीस. मुंबईचे चाकरमानी घरी येतात, माटवीला बांधावयास काकडी-दोडक्यासारखी फळे हवी असतात. दुसऱ्या दिवशीच्या ऋषिपंचमीस बैलाच्या श्रमाविना पिकलेल्या भाज्या लागतात. हाताने खणलेल्या शाळेच्या मळ्यातील अळू, भेंडी, पडवळ या व्रतास तंतोतंत जुळतात. जूनमधील लागवड या सणावर नजर ठेवून केली, तर मुलांस बाजारपेठेचे नियोजन म्हणजे काय हे एका हंगामात कळेल.

हिशेबाची वही

मळ्यात तीन वह्या असाव्यात. पहिली कामाची : कोणत्या वाफ्यात कोणत्या तारखेस काय पेरले, काय घातले, कोणती कीड आली. दुसरी विक्रीची. तिसरी रोकडीची. विक्रीच्या दिवशी पहिली वही मेजावर उघडी ठेवावी. ज्यास शंका असेल त्याने ती वाचावी. यापेक्षा मोठे प्रमाणपत्र गावात लागत नाही.

हिशेब कसा करावा याचे एक कल्पित उदाहरण पाहू. समजा, एका हंगामात मुलांनी ४,२०० रुपयांची भाजी विकली. बियाणे ४५० रुपये, मांडवाचे बांबू व सुतळी ६०० रुपये, इतर किरकोळ ३५० रुपये, असा रोख खर्च १,४०० रुपये झाला. मुले आनंदाने म्हणतील, नफा २,८०० रुपये. शिक्षकाने येथे थांबवून विचारावे : शेणखत कोठून आले? पालकांच्या गोठ्यातून, फुकट. ते विकत घेतले असते तर ८०० रुपये पडले असते. पंपाची वीज ३०० रुपये, ती शाळेने भरली. आणि श्रम? ९० तास. तासास ३० रुपये धरले तरी २,७०० रुपये झाले. आता एकूण खर्च ५,२०० रुपयांवर जातो आणि नफ्याच्या जागी १,००० रुपयांचा तोटा दिसू लागतो. पण थांबा, माध्यान्ह भोजनास ४० किलो भाजी दिली, ती कोठे लिहिली? किलोस ३० रुपयांप्रमाणे तिचे १,२०० रुपये होतात. ते जमेस धरता उत्पन्न ५,४०० रुपये, आणि खरी शिल्लक २०० रुपये.

रक्कम लहान आहे, पण धडा मोठा आहे. आपल्या घरी आईवडील शेतात राबतात तेव्हा त्यांच्या श्रमाचे मोल कोणत्याही वहीत चढत नाही, हे मुलास प्रथमच दिसते. पिकांच्या आधारभूत किमतींची शिफारस करणारा केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोगही केवळ रोख खर्च निराळा आणि कुटुंबाचे श्रम धरून येणारा खर्च निराळा असे मांडतो. ‘शेती परवडत नाही’ किंवा ‘परवडते’ ही दोन्ही वाक्ये वहीशिवाय निरर्थक आहेत. नोकरीसाठी मुंबईची गाडी पकडावी की गावी राहून काही करावे, हा निर्णय कोकणातील बहुतेक मुलांस एक दिवस घ्यावा लागतो. तो निर्णय कोणताही असो, तो हिशेब मांडून घेतलेला असावा. शाळेचा मळा मुलास गावी बांधून ठेवण्यासाठी नाही. गावात काय शक्य आहे, ते आकड्यांत दाखविण्यासाठी तो आहे.

कार्यकर्त्यांनी काय करावे

गावपातळीवरील कार्यकर्त्याने मुलांचे काम स्वतः करू नये. त्याने माती परीक्षणासाठी नमुना कसा घ्यावा ते दाखवावे, विद्यापीठाचे बियाणे मिळवून द्यावे, आणि गावातील एखाद्या जाणत्या भाजी उत्पादक शेतकऱ्यास पंधरवड्यातून एकदा शाळेत आणावे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० यात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून त्यांनी स्थानिक कारागिरांकडून व माळ्यांकडून शिकावे अशी कल्पना मांडली आहे. तिचा येथे उपयोग होईल. मळ्याची जबाबदारी एका हौशी शिक्षकावर सोपवू नये. त्याची बदली झाली की मळा उजाड होतो. नववीच्या मुलांनी आठवीच्या मुलांस वही आणि बियाणे वर्षअखेर सर्वांसमक्ष सोपवावे. शिल्लक रकमेचे काय करावयाचे हेही मुलांनीच सभेत ठरवावे.

शेतकरी बंधूंनी या मळ्याकडे पोरखेळ म्हणून पाहू नये. आपला मुलगा किंवा मुलगी वही घेऊन घरी आली आणि ‘‘बाबा, आपल्या वांग्यांचा खर्च किती?’’ असे विचारू लागली, तर रागावू नये. तिच्याबरोबर बसून तो लिहावा. घाटावरची भाजी उतरतच राहील, तिच्याशी आपले वैर नाही. परंतु ज्या नाक्यावर ती उतरते, तेथील मुलांस भाजी कशी पिकते, तिच्यावर काय पडते आणि ती कितीला पडते, हे ठाऊक असले पाहिजे. येत्या जूनमध्ये दोन गुंठे जागा, मूठभर बी आणि तीन कोऱ्या वह्या, इतक्यावर आरंभ करता येईल.